दुसरी गोळी सोडायची नाही, बदलून घ्यायची

चाकण, कुरुळी, निघोजे, महाळुंगे, खराबवाडी, मेदनकरवाडी, नाणेकरवाडी, सगळ्या वाड्यावस्त्यांवरच्या तायांना, मावश्यांना, काकूंना माझा नमस्कार. पहिल्या पाळीवरून घरी आलेल्या आणि तिसऱ्या पाळीला निघालेल्या, दोघींनाही. मी कंपनीतल्या पाळीबद्दल म्हणतेय हं! पण आज बोलायचंय ते दुसऱ्या पाळीबद्दल. ती जायला लागते तेव्हा काय होतं आणि त्यासाठी डॉक्टर ज्या गोळ्या देतात त्यांचं काय करायचं, याबद्दल.

मी बचत गटांचं काम बघते. महिन्याला पंधरा-सोळा बैठका होतात. हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली, चहा आला की खऱ्या गप्पा सुरू होतात. गेल्या दोन वर्षांत या गप्पांमध्ये एक विषय सारखा येतोय. पंचेचाळिशीच्या पुढच्या बायका सांगतात, "अगं, अंगातून वाफा निघतात. मशीनवर उभी असले की घामानं ब्लाउज भिजतो. रात्री तीनला जाग येते ती येतेच. उगाच रडू येतं, उगाच पोरांवर खेकसते." आपल्याकडे पाळी साधारण शेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास जाते. बारा महिने सलग पाळी आली नाही की ती गेली असं धरतात. पण त्रास त्याच्या आधीच दोन-चार वर्षं सुरू होऊ शकतो.

सगळ्यांना औषध लागतंच असं नाही. काहींचा त्रास थोडक्यात निभावतो. पण ज्यांना झोप नाही, कामावर लक्ष नाही, त्यांना तपासणी करून डॉक्टर हार्मोनचे उपचार देतात. त्यात बहुतेक वेळा दोन औषधं असतात. पहिलं इस्ट्रोजेन. ते गोळीत मिळतं, नाहीतर कातडीला लावायच्या जेलमध्ये. दुसरं प्रोजेस्टेरॉन किंवा त्याच्यासारखं काम करणारं औषध. आजचं माझं सगळं बोलणं या दुसऱ्या औषधाबद्दल आहे. कारण घोटाळा तिथंच होतोय.

आमच्या एका गटातल्या ताई पॅकिंगच्या लाइनला काम करतात. त्यांनी सांगायची परवानगी दिलीय, नाव मात्र नको म्हणाल्या. त्यांना दोन औषधं सुरू झाली. पहिल्यानं दोन-तीन आठवड्यांत वाफा कमी झाल्या, माणसात आल्यासारखं वाटायला लागलं. पण दुसरी गोळी सुरू झाली की पोट फुगायचं, छाती दुखायची, डोकं जड व्हायचं, आणि मन इतकं खचायचं की त्या मोरीत दार लावून रडायच्या. त्यांनी काय केलं? जिचा गुण येतो ती गोळी चालू ठेवली आणि जिचा त्रास होतो ती बंद केली. सरळ हिशोब! पाच महिने असंच चाललं. मग रक्तस्राव सुरू झाला. सोनोग्राफीत पिशवीचं अस्तर जाड झालेलं दिसलं. तुकडा काढून तपासणीला पाठवला. अहवाल येईपर्यंतचे आठ दिवस त्या घरी कुणाशी नीट बोलल्या नाहीत. कर्करोग निघाला नाही. पण डॉक्टर म्हणाल्या, "गोळी सोसत नव्हती तर बदलून मागायची होती. सोडायची नव्हती."

मैत्रिणींनो, हेच एक वाक्य मला आज तुमच्या कानावर घालायचंय. पण नुसतं सांगून पटत नाही, म्हणून कारण सांगते.

आपल्यापैकी बऱ्याच जणींची माहेरं शेतीवाली. रानाला खतपाणी घातलं की पीक जोमानं येतं. पण खुरपणी केलीच नाही, तर रान माजतं. इस्ट्रोजेन हे पिशवीच्या अस्तराला खतपाणी आहे. त्यानं अस्तर वाढतं. प्रोजेस्टेरॉन म्हणजे खुरपणी. ते वाढीला आवर घालतं. तरुणपणी शरीर दर महिन्याला हे दोन्ही स्वतःच करतं आणि पाळी येऊन अस्तर निघून जातं. बाहेरून नुसतं खतपाणी घातलं आणि खुरपं बाजूला टाकलं, तर अस्तर वाढतच राहतं. काही वर्षांनी त्यातून कर्करोग होऊ शकतो.

हे अनुभवातून कळलेलं आहे. अमेरिकेत एके काळी बायकांना सर्रास नुसतं इस्ट्रोजेन देत. १९७५ साली तिथल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की अशा बायकांत पिशवीच्या अस्तराचा कर्करोग वाढलाय. पुढं तिथंच तीन वर्षांचा एक अभ्यास झाला. त्यात ज्यांना पिशवी होती आणि नुसतं इस्ट्रोजेन दिलं, त्यांच्यातल्या शंभरातल्या बासष्ट जणींचं अस्तर कमी-अधिक प्रमाणात वाढलेलं निघालं. ज्यांना दोन्ही औषधं दिली, त्या जवळपास सुरक्षित राहिल्या. म्हणून ज्या बाईला पिशवी आहे, तिला दुसरं औषध हवंच.

आता तुम्ही म्हणाल, हवंच आहे पण सोसत नाही, मग काय करायचं? इथंच चांगली बातमी आहे. दुसरं औषध एकच नाही. त्याचे चार-पाच प्रकार आहेत आणि एक सोसला नाही म्हणजे दुसराही सोसणार नाही, असं अजिबात नाही.

पहिला प्रकार तुम्हाला नावानं माहीत नसेल, पण कामानं माहीत आहे. गौरी-गणपतीला, लग्नाला, वारीला पाळी पुढं ढकलायची म्हणून जी गोळी मेडिकलमधून आणतात, ती नॉरएथिस्टेरॉन. तेच औषध बहुतेक वेळा बरंच कमी मात्रेत हार्मोनच्या उपचारात वापरतात. अस्तर ताब्यात ठेवायला ते चांगलं. पण काहींना त्यानं चिडचिड होते, मुरमं येतात. आणि एक विनंती. घरात सणासाठी आणलेली पट्टी उरली आहे, तीच चालवून घेते, असं करू नका. तिची मात्रा वेगळी असते.

दुसरं मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन. हे प्रयोगशाळेत बनवलेलं जुनं औषध. २००२ साली "हार्मोनच्या गोळ्यांनी कर्करोग होतो" अशी बातमी जगभर झाली, तेव्हाच्या अभ्यासात हेच औषध होतं. त्यात १६,६०८ बायका होत्या. खोटी गोळी दिलेल्या दहा हजार बायकांत वर्षाला ३० जणींना स्तनाचा कर्करोग झाला आणि खरी औषधं घेणाऱ्यांत ३८ जणींना. म्हणजे दहा हजारात आठ जणी जास्त. धोका आहे, पण किती आहे तेही कळलं पाहिजे. पिशवी काढलेल्या आणि नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांत ही वाढ दिसली नाही. त्यावरून लक्षात आलं की दुसरं औषध कोणतं निवडायचं, याला महत्त्व आहे.

तिसरं डायड्रोजेस्टेरॉन. गरोदरपणात रक्त दिसलं म्हणून आपल्यातल्या कितीतरी सुनांना, लेकींना ही गोळी दिलेली असते. ती आपल्या शरीरातल्या हार्मोनच्या बरीच जवळची आहे. ज्यांना पहिल्या दोन प्रकारांनी मन खचतं, पोट फुगतं, त्यांच्यातल्या काहींना ही बरी पडते.

चौथं मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन. नाव मोठं आहे, पण गोष्ट आपल्या स्वयंपाकघरातली आहे. शरीरात जे प्रोजेस्टेरॉन तयार होतं, तेच हे. ते तसंच गिळलं तर यकृतातच मोडून जातं, अंगी लागत नाही. म्हणून ते अगदी बारीक, वस्त्रगाळ मसाल्यासारखं दळतात आणि तेलात घालून कॅप्सूलमध्ये भरतात. मग ते रक्तात उतरतं. याचा एक गुण असा की त्यानं गुंगी येते. ज्यांची झोप उडालीय त्यांना ते बरंच पडतं. म्हणून ते झोपताना घ्यायचं. डॉक्टर साधारणपणे रोज रात्री १०० मिलिग्रॅम, किंवा महिन्यातल्या बारा रात्री २०० मिलिग्रॅम देतात. फ्रान्समध्ये शिक्षण खात्याशी संबंधित बायकांची मोठी पाहणी झाली. तिथं काही वर्षांच्या वापरात या औषधानं आणि डायड्रोजेस्टेरॉननं स्तनाच्या कर्करोगाचा धोका जुन्या औषधांपेक्षा कमी दिसला. म्हणजे धोका शून्य असं नाही, पण बोलताना डॉक्टरांना विचारण्यासारखी गोष्ट आहे. काही कंपन्यांच्या कॅप्सूलमध्ये शेंगदाण्याचं तेल असतं. शेंगदाण्यानं अंगावर गांधी उठत असतील तर आधी सांगा.

पण गोळी तोंडानं घेतल्यावर सकाळी गुंगी उतरतच नसेल, मन खूपच खाली जात असेल, तर काही वेळा डॉक्टर हीच कॅप्सूल योनीमार्गात ठेवायला सांगतात. त्यानं औषध पिशवीजवळ पोचतं आणि डोक्याला गुंगी कमी येते. हे मात्र डॉक्टरांनी सांगितलं तरच. स्वतःच्या मनानं नाही.

पाचवा प्रकार म्हणजे हार्मोनची तांबी. आपली नेहमीची तांब्याची तांबी नव्हे बरं का. ही पिशवीत बसवतात आणि तिच्यातून थोडं थोडं औषध तिथल्या तिथं झिरपतं. रक्तात फार कमी जातं, म्हणून ज्यांना गोळ्यांनी मनाचा त्रास होतो त्यांच्यातल्या पुष्कळ जणींना ही सोसते. अस्तराच्या रक्षणासाठी साधारण पाच वर्षं चालते. अजून पाळी पूर्ण गेली नसेल तर मूल राहण्यापासूनही संरक्षण देते. हे ध्यानात ठेवा, हार्मोनच्या साध्या गोळ्या मूल थांबवत नाहीत! पहिले तीन ते सहा महिने थेंब थेंब रक्त दिसू शकतं. तांबी महाग असते, ही अडचण खरी आहे. पण आमच्या गटांत मुलाच्या फीसाठी, शेळीसाठी अंतर्गत कर्ज निघतं. बाईच्या स्वतःच्या तब्येतीसाठी निघालं तर कुणी नाक मुरडायचं कारण नाही. पंचसूत्रीत नियमित कर्ज म्हटलंय, फक्त दुसऱ्यांसाठी असं कुठं म्हटलंय?

औषध तेच ठेवून घेण्याची पद्धत बदलली तरी फरक पडतो. पाळी अजून येत असेल तर महिन्यातले बारा-चौदा दिवस दुसरी गोळी देतात आणि मग पाळीसारखा स्राव होतो. पाळी जाऊन वर्ष झालं असेल तर दोन्ही औषधं रोज देता येतात. काहींना ते बारा दिवस जड जातात आणि रोजची कमी मात्रा बरी वाटते. काहींचं उलटं. टिबोलोन नावाची एक वेगळीच गोळी आहे, ती एकटीच दोन्ही कामं करते. पाळी जाऊन वर्ष झालेल्यांसाठी ती आहे, पण साठीच्या पुढं पक्षाघाताचा धोका असल्यानं देत नाहीत. आणि ज्यांचा त्रास फक्त खालच्या कोरडेपणाचा, जळजळीचा आहे, त्यांना योनीमार्गात लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेनचं मलम पुरतं. त्याला सहसा दुसरी गोळी लागत नाही.

एक सावधगिरी. बाजारात "नैसर्गिक" म्हणून प्रोजेस्टेरॉनची क्रीम आणि कंदमुळांच्या अर्काची मलमं विकतात. हे खरं आहे की १९४० च्या दशकात मेक्सिकोतल्या एका रानटी कंदापासून प्रयोगशाळेत प्रोजेस्टेरॉन बनवलं गेलं. पण ते काम रसायनशाळेतलं. तो कंद चोळून किंवा खाऊन आपलं शरीर ते करू शकत नाही. अशा मलमांवर पिशवीची राखण सोपवू नका.

आता आपल्या पट्ट्याचा खास प्रश्न. इथं तीन पाळ्यांत काम चालतं. एक मावशी मला म्हणाल्या, "डॉक्टरनं रात्री घ्यायला सांगितलंय, आणि माझी रात्र तर कंपनीत जाते. गोळी घेऊन मशीनवर उभी राहिले तर झोप येते." मावशींची भीती बरोबर होती. झोपेआधीची गोळी म्हणजे तुमच्या झोपेआधीची. घड्याळातल्या रात्रीची नव्हे. रात्रपाळी करून सकाळी झोपत असाल तर तसं डॉक्टरांना सांगा आणि वेळ ठरवून घ्या. गोळी घेऊन स्कूटर चालवायची नाही, मशीनवर जायचं नाही. दर आठवड्याला पाळी बदलत असेल तर तेही सांगा. त्यावरून डॉक्टर कदाचित वेगळंच औषध सुचवतील. आपण कुठं आणि कधी काम करतो हे डॉक्टरांना आपण सांगितल्याशिवाय कळणार कसं?

आणि नेमकं सांगता यावं म्हणून वही ठेवा. आपण बचत गटवाल्या, वहीशिवाय आपलं पान हलत नाही. साध्या पानावर रोज पाच गोष्टी लिहा. कोणती गोळी किती वाजता घेतली. झोप कशी लागली. मन कसं होतं. पोट, छाती, डोकं दुखलं का. रक्त दिसलं का. लिहिता येत नसेल तर लेकीला, सुनेला सांगा, नाहीतर कॅलेंडरवर खुणा करा. नव्या औषधाचा थोडा त्रास दोन-तीन महिन्यांत आपोआप कमी होऊ शकतो. झेपेल इतका असेल तर तेवढा वेळ द्या आणि मग वही घेऊन जा. पण जीव नकोसा वाटायला लागला, मरणाचे विचार आले, तर तीन महिने थांबायचं नाही. त्याच दिवशी घरात सांगा, डॉक्टरांना गाठा. तरुणपणी पाळीच्या आधी तुमचं मन फार बिघडायचं का, बाळंतपणानंतर खूप उदास झाला होता का, हेही डॉक्टरांना सांगा. अशा बायकांना हे औषध सोसायला अवघड जाण्याची शक्यता जास्त असते.

आता पिशवीचा विषय. दुसऱ्या औषधाचा त्रास झाला, रक्त दिसलं, की कुणीतरी म्हणतंच, "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल." आपल्या पट्ट्यात बीड, लातूर, धाराशिव, नांदेडहून आलेली किती कुटुंबं आहेत, तुम्हीच बघा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी करणाऱ्या बायकांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहा जणींत एक! कटकट मिटवायच्या नावाखाली किती मोठी गोष्ट होते, ते यातून कळतं. बीजकोषही काढले तर पाळी जाण्याचा सगळा त्रास एका दिवसात अंगावर येतो, तोही कोवळ्या वयात. गोळी सोसत नाही एवढ्या कारणासाठी पिशवी काढायची नसते. आधी औषध बदलतात, मात्रा बदलतात, पद्धत बदलतात. कुणी ऑपरेशन सांगितलंच तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

आणि ज्यांची पिशवी आधीच काढलेली आहे, त्यांनी हे नक्की सांगायचं. त्यांना सहसा दुसऱ्या औषधाची गरज नसते. नुसतं इस्ट्रोजेन पुरतं. विनाकारण दुसऱ्या गोळीचा त्रास सोसू नका. पण पिशवी पूर्ण काढली की अर्धी, कशासाठी काढली, यावरही ते ठरतं. म्हणून ऑपरेशनचा कागद, डिस्चार्ज कार्ड, शोधून सोबत न्या.

काही गोष्टी थांबायच्या नाहीत. पाळी जाऊन वर्ष झालं आणि पुन्हा रक्त दिसलं, तर ते "पाळी परत आली" नाही. तपासणी करायची. औषधं सुरू केल्यावर पहिल्या सहा महिन्यांत थोडं डाग लागणं चालतं. पण सहा महिन्यांनंतरही चालू राहिलं, किंवा बंद होऊन परत सुरू झालं, किंवा जोरात झालं, तर जायचं. एका पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, छातीत दुखलं, दम लागला, बोबडी वळली, तर लगेच दवाखाना. आणि ज्यांना स्तनाचा कर्करोग झालेला आहे, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली आहे, हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा झटका येऊन गेलाय, यकृताचा आजार आहे, त्यांना ही औषधं सहसा देत नाहीत. त्यांच्यासाठी हार्मोनशिवायचे दुसरे उपाय आहेत. साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केली तर बहुतेकींना फायदा जास्त आणि धोका कमी असतो.

कुठं जायचं? आपल्या चाकणच्या ग्रामीण रुग्णालयापासून सुरुवात करा. तिथून पुढं पिंपरीचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, औंधचं जिल्हा रुग्णालय आहे, पुण्याचं ससून आहे. स्त्रीरोग विभागात नंबर लावा. जाताना औषधांच्या पट्ट्या, जुने कागद आणि ती वही न्या. आत गेल्यावर लाजू नका. फक्त इतकं म्हणा, "मॅडम, पहिल्या औषधाचा गुण आहे, दुसरं सोसत नाही. मला पिशवी आहे. बदलून दुसरं काय देता येईल?" ही चार वाक्यं पाठ करा. डॉक्टरांचं अर्धं काम तिथंच होतं.

आज ऐकणाऱ्या लेकींनो, सुनांनो, तुम्हालाही एक काम देते. घरातल्या फडताळात आईच्या, सासूबाईंच्या गोळ्या असतील तर बघा. एक पट्टी संपत आलीय आणि दुसरी जशीच्या तशी पडून आहे का? तसं असेल तर रागावू नका. शेजारी बसा, काय होतंय ते विचारा आणि पुढच्या सुट्टीच्या दिवशी बरोबर जा. पुढच्या महिन्याच्या बैठकीत, हप्ते जमा झाले की, हाच विषय घेऊ. वह्या घेऊन या.

नमस्कार.